तिसऱ्या मजल्यावरचे कान

ओसाकात, निप्पोनबाशीच्या त्या अरुंद इमारतीत
लिफ्ट बंद असली तरी रविवारी लोक जिना चढून येतात.
तळाला बॅटऱ्या, दुसऱ्यावर मेलेले रेडिओ,
तिसऱ्यावर आम्ही: एक लांब टेबल, सात खुर्च्या,
आणि सिलिकॉनच्या बोंडांनी भरलेली बरणी.
माझं काम सोपं.
एका कानातून निघालेलं बोंड
दुसऱ्या कानात जाण्याआधी स्पिरिटनं पुसते.
मतं मात्र पुसली जात नाहीत,
ती चिकटतात.

नवा माल आलाय, सपाट पडद्याचा.
आत शंकू नाही, फक्त
केसाहून पातळ एक पापुद्रा,
त्यावर धातूची नागमोडी वाट छापलेली,
अल्याडपल्याड चुंबकांचा पहारा.
कुणालाच न टेकता तो मधल्या मध्ये थरथरतो.
एवढ्याशा थरथरीवर
माणसं चार-चार तास हुज्जत घालतात.

तादोकोरो रात्रपाळीची टॅक्सी चालवतो.
म्हणतो, बास बघा! ढोल वाजला की वाजला,
संपला की संपला.
पाहुण्यानं चहा घ्यावा नि उठावं.
ओरिए म्हणते, मला तो पाहुणा आवडला होता,
बसू द्यायचं की थोडं.
ती दातांच्या दवाखान्यात असते,
वरचे स्वर लागले की जबडा आवळते:
ही झांज नाही हो, ही माझी सोमवार सकाळ.

कुवाबारामास्तरांनी तार कानावरून मागे घेतली,
जुन्या, गुबगुबीत आवाजाच्या जोडीकडे एकदा बघितलं,
आणि पुटपुटले, कानामागून आली नि तिखट झाली.

कोपऱ्यातला पोरगा ऐकत नाही, बघतो.
फोनवर आलेख: इथे दरी, तिथे आठ हजारांवर सुळका.
बोंड कानात जायच्या आधीच
त्याला टोचायला लागलेलं असतं.

मग मिनेगिशी.
एकेचाळीस वर्षं पियानो लावले,
उजव्या कानाचा वरचा मजला कधीच रिकामा झालाय.
झांजेचं भांडण माझ्यापर्यंत पोचतच नाही, म्हणाले,
आणि एकच रेकॉर्डिंग तासभर,
पुन्हा, पुन्हा.
शेवटी डोळे न उघडता:
पेडल सोडताना फेल्ट सुस्कारा टाकतं. सुकलंय.
कुणीतरी लक्ष द्यायला हवं होतं.
मग जरा थांबून:
सूर गेला की मागे खोली उरते एरवी.
हा जाताना दार ओढून घेतो.

टेबल गप्प. आलेखवाल्या पोरानंही फोन उपडा ठेवला.

तर म्हातारा स्वतःशीच हसला.
एकेचाळीस वर्षं पोटासाठी काय केलं मी?
सूर लोंबू नये म्हणून डॅम्परच बसवत होतो.
खटकन पडला की गिऱ्हाईक खूश.

किंमत विचारली. अठ्ठावीस हजार येन.
मान हलवली, हो नाही, नाही नाही,
आणि विचारलं, लहान मापाचं एकच बोंड सुटं मिळेल का,
घरच्या जोडीला? उजवा कान आक्रसत चाललाय.
मी दोन दिली. पैसे घेतले नाहीत.
जिना उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या, मोठ्यानं.

साडेआठला दिवे निम्मे केले,
आणि कधी नव्हे ते स्वतःच घातले.
दोन वर्षं मला विचारतात, तुझं मत काय?
म्हटलं, होऊन जाऊ दे.
काय सांगू! काळीशार पार्श्वभूमी,
कुठे खरखर नाही, दाटी नाही,
रिकामा मंच, आणि इतका मोठा
की मला खुर्चीत सावरून बसावं लागलं.
चार मिनिटं मी अशी,
आत्ता सुरू होईल, आत्ता.

मग अँप्लिफायरकडे नजर गेली. दिवा विझलेला.
या पडद्यांना ताकद लागते,
हे दिवसातून वीसदा मीच सांगते गिऱ्हाइकांना.

तरी वहीत नोंद केली,
तादोकोरोच्या खाली, ओरिएच्या वर थोडी जागा होती:
शांतता उत्तम.
जिना जरा पुढे येतो.